नो क्लेम बोनस : जपणूक कशाची आणि किती मोलाची?



वाशिम जिल्ह्यात विमा हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पीक विमाच उभा राहतो. सोयाबीन आणि तूर या पिकांवर ज्या जिल्ह्याचा संसार चालतो, तेथे हे साहजिकच होय. राज्य शासनाने खरीप २०२३ पासून एक रुपयात पीक विमा देऊ केला आणि खरीप २०२५ पासून ती सवलत बंद होऊन शेतकऱ्याच्या हिश्श्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला, ही घडामोड गावोगावच्या पारावर चर्चिली गेली. त्या विम्यात खरिपातील अन्नधान्ये व गळीतधान्ये यांकरिता शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या फार तर २ टक्के इतका ठरलेला असतो. गेल्या वर्षी नुकसानभरपाई मिळाली म्हणून यंदा त्या शेतकऱ्याला अधिक टक्के भरावे लागत नाहीत. त्यामुळे भरपाई मागणे आणि पुढील हप्ता यांचा परस्परांशी काही संबंध असतो, ही कल्पनाच आपल्याकडे फारशी रुजलेली नाही.

मोटारीच्या विम्यात मात्र हा संबंध अगदी निकटचा आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हा चारचाकी गाडी ही डॉक्टर, वकील, व्यापारी आणि शासकीय कार्यालये यांच्यापुरतीच होती असे म्हटले तरी चालेल. आज एम.एच. ३७ या क्रमांकाच्या मोटारी जिल्हा परिषद शाळांच्या आवारात आणि ग्रामपंचायतींच्या दारातही उभ्या दिसतात. या गाड्यांच्या मालकांना दरवर्षी विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी एक प्रश्न विचारला जातो : आपला नो क्लेम बोनस सुरक्षित करावयाचा आहे काय? त्यासाठी थोडी जादा रक्कम पडेल. प्रश्न साधा दिसतो. म्हणूनच बहुतेक जण विचार न करता होय किंवा नाही म्हणून मोकळे होतात.

प्रथम हा बोनस म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. मोटारीच्या सर्वसमावेशक विमापत्राचे दोन भाग असतात. एक भाग त्रयस्थ व्यक्तीच्या दायित्वाचा. गाडीमुळे दुसऱ्या कोणास इजा झाली, मृत्यू आला किंवा कोणाच्या मालमत्तेची हानी झाली, तर ती भरपाई या भागातून मिळते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये हा विमा सक्तीचा आहे. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा ऐच्छिक होय. नो क्लेम बोनस मिळतो तो केवळ या दुसऱ्या भागाच्या हप्त्यावर. गाडीमालकाने एक वर्ष दावा केला नाही तर पुढील वर्षी त्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग दोन वर्षे दावा नसल्यास २५, तीन वर्षे ३५, चार वर्षे ४५ आणि पाच वर्षे दावा नसल्यास ५० टक्के. त्यापुढे ती वाढत नाही. आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक दावा केला की ही संपूर्ण सूट शून्यावर येते. पाच वर्षांची शिडी एका पावलात उतरावी लागते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख लगेच केला पाहिजे, कारण त्याचे परिणाम पैशापुरते राहत नाहीत. रस्त्यावर एखाद्या पादचाऱ्यास किंवा दुचाकीस्वारास धक्का लागला, तर बोनस जाईल या भीतीने विमा कंपनीला कळवावयाचेच नाही आणि आपसांत मिटवून टाकावयाचे, असा विचार काही मालक करतात. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. जखमी व्यक्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे केलेला दावा त्रयस्थ दायित्वाच्या भागात मोडतो. त्यामुळे बोनसला काहीही बाध येत नाही. उलट, जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि अपघाताची लेखी माहिती विमा कंपनीस देणे, हे अधिनियमाच्या कलम १३४ ने चालकाचे कर्तव्यच ठरविले आहे. सूट वाचविण्याच्या नादात जखमी मजूर भरपाईस मुकतो आणि मालक कायद्याच्या कचाट्यात सापडतो. गावातील तंटा मिटवावयास बसणाऱ्या पंचायत सदस्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी.

दुसरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बोनस चूक कोणाची हे पाहत नाही. नावच मुळी दावा नसल्याबद्दलचा बोनस असे आहे, दोष नसल्याबद्दलचा नव्हे. पुरात गाडी बुडाली, चोरीस गेली, उभ्या गाडीवर झाड पडले किंवा रात्री जनावर आडवे आले, तरी आपल्या कंपनीकडे स्वतःच्या नुकसानीचा दावा केला की सूट जाते.

आपल्या जिल्ह्यात यांपैकी शेवटचे कारण नवलाचे नाही. कारंजा-सोहोळ येथे काळविटांचे अभयारण्य आहे आणि अभयारण्याबाहेरही रोही, रानडुकरे यांचे कळप शेतांतून व रस्त्यांवरून सर्रास फिरतात. सोयाबीनच्या दिवसांत रात्री गाडी चालविणाऱ्यास याचा अनुभव असतोच. कल्पना करू या की, एक शिक्षक कारंज्याहून मंगरुळपीरकडे रात्री परतत आहेत. झाडाच्या सावलीतून एक रोही अकस्मात गाडीपुढे आला. गाडी वेगात नव्हती म्हणून गुरुजी बचावले, रोहीही उठून पळाला. परंतु पुढचा बंपर फुटला, दिवा गेला, बॉनेट वाकले. गॅरेजवाल्याने अंदाज सांगितला २२,००० रुपये. गुरुजींची गाडी पाचव्या वर्षात आहे. त्यांनी आधीची जुनी गाडी विकून ही घेतली आणि तिच्यावरचा बोनस या गाडीकडे आणला, त्यामुळे त्यांना पूर्ण ५० टक्के सूट मिळते आहे. आता दावा करावा की पदरचे पैसे घालावेत?

घरातील मंडळी म्हणतील, विमा कशासाठी घेतला मग? प्रश्न रास्त आहे. परंतु २२,००० रुपयांचे बिल म्हणजे २२,००० रुपयांची भरपाई नव्हे. प्लॅस्टिक व रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवरील घसारा गाडीच्या वयानुसार वाढतो. चार ते पाच वर्षांच्या गाडीस तो ३५ टक्के आहे. बिलापैकी बंपर, दिवा वगैरे प्लॅस्टिकचे भाग ९,००० रुपयांचे, पत्र्याचे भाग ८,००० रुपयांचे आणि मजुरी ५,००० रुपयांची धरली, तर प्लॅस्टिकचे ४,५००, पत्र्याचे ५,२०० आणि मजुरीचे ५,००० असे १४,७०० रुपये मान्य होतील. त्यातून १,५०० सी.सी. पर्यंतच्या मोटारीस लागू असलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट गेली की हाती येतात १३,७०० रुपये. घसारा न कापण्याचे जोड संरक्षण गुरुजींनी घेतले असते तर आकडा निराळा झाला असता. ते त्यांनी घेतलेले नाही.

आता दुसरी बाजू. गुरुजींच्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता, म्हणजे सूट देण्यापूर्वीचा, सोयीसाठी १०,००० रुपये मानू. ५० टक्के सूट असल्याने ते ५,००० भरतात. दावा केला तर पुढील वर्षी १०,००० भरावे लागतील. त्यानंतर २० टक्के सूट मिळून ८,०००, मग ७,५००, मग ६,५००, मग ५,५००, आणि सहाव्या वर्षी पुन्हा ५,०००. दरवर्षीचा जादा भार ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये. एकूण १२,५०० रुपये. म्हणजेच ५० टक्के सूट असलेल्याने केलेल्या एका दाव्याची खरी किंमत मूळ हप्त्याच्या सव्वापट होय. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तर ती १४,७५० रुपयांवर जाते. गाडी जुनी होत जाते तसतसा मूळ हप्ता काहीसा उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल. तरीसुद्धा १३,७०० रुपये मिळविण्यासाठी जवळजवळ तेवढेच पैसे पुढील पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने परत करावयाचे, असा हा व्यवहार ठरतो. हिशेब अगदी काठावर येऊन थांबतो, आणि सर्वेक्षकाची वाट पाहणे, कागदपत्रे, खेपा हे सर्व वर.

सूट जितकी कमी तितकी दाव्याची ही किंमतही कमी. ज्याची गाडी नवीन असून पहिलेच वर्ष चालू आहे, त्याला अजून सूटच लागलेली नाही. त्याने दावा केला तर पुढील वर्षांत मिळून तो मूळ हप्त्याच्या निम्म्याइतके, म्हणजे आपल्या उदाहरणात ५,००० रुपये गमावतो. २० टक्क्यांच्या पायरीवर असणारा ८,००० रुपये गमावतो. आपण कोणत्या पायरीवर आहोत हे आपल्या विमापत्रावर छापलेले असते. शिक्षकांनी हा हिशेब आठवीच्या वर्गात शेकडेवारीचे उदाहरण म्हणून घातला तरी हरकत नाही. मुलांच्या घरी तो कामाला येईल.

इतके स्पष्ट झाल्यावर बोनस सुरक्षित करण्याच्या जोड संरक्षणाचे मोल ठरविणे सोपे जाते. हे संरक्षण घेतले असता वर्षात एक, काही कंपन्यांच्या बाबतीत दोन, दावे केले तरी सूट खाली येत नाही. समजा गुरुजींना त्यासाठी वर्षाला ७०० रुपये सांगितले. जे वाचवावयाचे ते १२,५०० आणि त्यासाठी दरवर्षी ७०० रुपये द्यावयाचे. १२,५०० ला ७०० ने भागले की सुमारे १८ येतात. तात्पर्य, दावा करण्याजोगा अपघात आपल्या हातून किंवा नशिबाने १८ वर्षांतून एकदापेक्षा अधिक वेळा होईल असे ज्याला वाटते, त्याला हे संरक्षण परवडते. ज्याची गाडी आठवड्यातून एकदा बाजारापुरती निघते, त्याला ते महागात पडते. रिसोड किंवा मानोऱ्याहून रोज वाशिमला ये-जा करणारा कर्मचारी आणि गावातल्या गावात गाडी फिरविणारा निवृत्त मुख्याध्यापक, या दोघांना एकच उत्तर देता येणार नाही. वर घेतलेले ७०० व १०,००० हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या विमापत्रावरचे आकडे घेऊन हा भागाकार करावयाचा आहे.

या हिशेबातही एक पाणी मुरते. सुरक्षित होते ती सुटीची टक्केवारी, हप्ता नव्हे. भारतीय मोटार विमा दरपत्रक, २००२ लागू होते तोवर मूळ हप्ता सर्व कंपन्यांना सारखाच असे. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या भागाचे दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. त्यामुळे सूट ५० टक्क्यांवर कायम राहिली तरी दाव्यानंतर कंपनीने मूळ हप्ताच वाढविला, तर भरावयाची रक्कम वाढतेच. १०,००० चे निम्मे ५,००० होतात, तर १२,००० चे निम्मे ६,०००. हा घोटाळा केवळ आपल्याकडचा नव्हे. ब्रिटनमध्ये या संरक्षणाची विक्री मोठ्या प्रमाणावर होते. तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने खासगी मोटार विम्याची चौकशी करून २०१४ मध्ये अहवाल दिला, तेव्हा ग्राहकांना या संरक्षणाची पुरेशी माहिती दिली जात नाही असे आढळून आले, आणि ती देणे पुढे कंपन्यांवर बंधनकारक करण्यात आले. फ्रान्सने निराळी वाट धरली आहे. तेथे प्रत्येक निर्दोष वर्षाला हप्त्याचा गुणक ५ टक्क्यांनी उतरतो, दोषी अपघाताला २५ टक्क्यांनी चढतो, आणि सर्वांत खालच्या पायरीवर तीन वर्षे राहिलेल्या चालकाचा पहिला अपघात नियमानेच माफ होतो. त्यासाठी जादा पैसे मोजावे लागत नाहीत. अशी सोय आपल्याकडे झाली तर ती स्वागतार्हच ठरेल.

संरक्षण घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न मोजकेच आहेत, पण त्यांची उत्तरे तोंडी घेऊन भागत नाही. ती विमापत्राच्या अटींत पाहिली पाहिजेत. वर्षात किती दावे चालतात? गाडी चोरीस गेली किंवा पूर्णतः निकामी झाली तर संरक्षण लागू राहते काय? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्यानंतर नवी गाडी घेतली की तिचा मूळ हप्ता अधिक असतो आणि सुटीची गरज तेव्हाच सर्वाधिक भासते. पुढील वर्षी कंपनी बदलली तर दाव्यानंतरही राखलेली ही सूट नवी कंपनी मान्य करील काय? एजंट गावातला, ओळखीचा, सज्जन असला तरी कागद वाचण्याचा संकोच करू नये.

समृद्धी महामार्गामुळे या प्रश्नाला आणखी एक बाजू आली आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग मुंबईपर्यंत जोडला गेला. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जाणाऱ्या या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे. त्या वेगात होणारा अपघात बंपरपुरता राहत नाही. तेथे नुकसान लाखांत जाते आणि बोनसचे १२,५०० रुपये त्यापुढे नगण्य ठरतात. दावा करावा की न करावा हा प्रश्नच उरत नाही. म्हणून विम्यावर जादा खर्च करावयास ज्याच्याजवळ मर्यादित पैसा आहे, त्याने आधी गाडीचे विमाकृत मूल्य वाजवी ठेवले आहे की हप्ता उतरविण्यासाठी ते खाली ओढले आहे, हे पाहावे. मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे व्यक्तिगत अपघात संरक्षण चालू आहे याची खात्री करावी. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर घसारा न कापण्याचे संरक्षण घ्यावे. बोनसच्या संरक्षणाचा क्रमांक या तिन्हींनंतर लागतो.

पैसे न मोजताही बोनस जपण्याचे काही मार्ग आहेत आणि नेमके तेच दुर्लक्षित राहतात. विमापत्राची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर जमलेली सूट वाया जाते. पेरणीच्या धांदलीत किंवा बदलीच्या गडबडीत तारीख हुकते आणि पाच वर्षांची कमाई जाते. दावा करून गमावण्यापेक्षा हे अधिक क्लेशकारक, कारण बदल्यात काहीच मिळालेले नसते. तसेच बोनस हा गाडीचा नसून मालकाचा असतो. बदली झालेल्या अधिकाऱ्याने गाडी विकली तर कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे. ते तीन वर्षांपर्यंत त्याच वर्गातील दुसऱ्या गाडीसाठी वापरता येते. मोटारसायकलीचा बोनस मोटारीला मात्र लागत नाही. ज्याने ती जुनी गाडी विकत घेतली, त्याला विकणाऱ्याची सूट मिळत नाही. त्याने १४ दिवसांत विमापत्र आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज केला पाहिजे. आपल्याकडे व्यवहार तोंडी होतो, पैसे दिले जातात, गाडी दारात येते आणि कागद मात्र महिनोन्महिने जुन्या मालकाच्या नावे राहतात. अशा गाडीला अपघात झाला तर स्वतःच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाण्याचा मोठा धोका असतो.

गाडीमालकाचा मृत्यू झाला आणि गाडी पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्या ताब्यात व वापरात आली, तर त्याने कमावलेली सूट त्यांच्याकडे येते. दुःखाच्या दिवसांत कोणी हे सांगत नाही आणि कुटुंब पूर्ण हप्ता भरते. ग्रामपंचायतीत मृत्यूचा दाखला देताना वारस नोंदीबरोबर ही माहितीही दिली, तर खर्च काहीच नाही.

एक मोह मात्र टाळावयास हवा. दावा केलेला असताना कंपनी बदलावयाची आणि नव्या कंपनीस दावा नव्हता असे लिहून देऊन सूट मिळवावयाची, असे प्रकार घडतात. नूतनीकरणाच्या अर्जावर जे निवेदन असते त्यातच लिहिलेले असते की, माहिती खोटी ठरल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागातील सर्व लाभ गमवावे लागतील. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते. एजंटाने अर्ज भरला, आपण केवळ सही केली, ही सबब चालत नाही. पाच हजार वाचविण्यासाठी पाच लाखांच्या गाडीचे संरक्षण असे हातचे जाते.

राहता राहिले रोहीची धडक बसलेले गुरुजी. त्यांनी बोनसचे संरक्षण घेतले असते तर निर्णय सोपा होता. १३,७०० रुपये मिळाले असते आणि सूटही राहिली असती. ते नसल्याने त्यांच्यापुढे दोन जवळपास सारख्याच वाटा आहेत, आणि हाताशी रोकड असेल तर पदरचे पैसे घालून सूट राखणे थोडे सरस. महिनाअखेर असेल, मुलाची फी भरावयाची असेल, तर दावा करण्यातही गैर काही नाही. परतफेड पाच वर्षांत होते. मात्र ते काही ठरवोत, सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी दुरुस्ती सुरू केली की दाव्याचा मार्ग अवघड होऊन बसतो. म्हणून गॅरेजवाल्याने वाकलेल्या बॉनेटला हातोडी लावण्याआधी अंदाजपत्रक भागवार लिहून घ्यावे, प्लॅस्टिक किती, पत्रा किती, मजुरी किती ते वेगळे काढावे, आणि त्याच संध्याकाळी विमापत्र शेजारी ठेवून आकडेमोड करावी.